वार पडेपर्यंत : मेरी वुलस्टनक्राफ्टचे अखेरचे बाळंतपण आणि प्रसूतीचा वृत्तांत

१. प्रास्ताविक

‘सुखरूप सुटका झाली’ ही बाळंतपणाची बातमी देण्याची मराठीतील जुनी रीत. कोणाची सुटका झाली, हे त्या वाक्यात वेगळे सांगावे लागत नाही. आई मोकळी झाली आणि मूल हाती आले, एवढे त्यातून कळते. सुईणीच्या लेखी मात्र या सुटकेला आणखी एक अट आहे. मूल बाहेर आले, रडले, तरी वार पडल्याखेरीज बाळंतीण सुटली असे ती मानत नाही. भारताच्या अनेक भागांत वार पडेपर्यंत नाळ न कापण्याची सुईणींची रीत अभ्यासकांनी नोंदवली आहे. त्या रीतीनुसार या अवधीत आई आणि मूल एकमेकांना बांधलेलीच असतात.

आधुनिक प्रसूतिशास्त्र या अवधीला प्रसूतीचा तिसरा टप्पा म्हणते. बहुतेक बाळंतपणांत तो काही मिनिटांत संपतो. गर्भाशय आकुंचन पावते, वार त्याच्या भिंतीपासून सुटते आणि त्या जागी उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या स्नायूंच्या त्याच आकुंचनाने आवळल्या जातात. वार अडकली, अर्धवट सुटली किंवा तिचा तुकडा आत राहिला, तर गर्भाशय पुरते मिटत नाही. मग रक्त जात राहते. आणि तो क्षण निभावला तरी आत राहिलेल्या तुकड्यात पुढील दिवसांत जंतुसंसर्गाला घर मिळते.

साहित्यातील बाळंतपण बहुधा याआधीच संपलेले असते. मुलाचे पहिले रडणे ऐकू आले की कथनाचे लक्ष नवजाताकडे वळते आणि बाळंतीण खोलीत मागे राहते. चरित्रग्रंथांतही जन्माची तिथी असते, वेळ असते. वार पडल्याची वेळ नसते. या सार्वत्रिक मौनाला इंग्रजी साहित्याच्या इतिहासात एक ठळक अपवाद आहे. विल्यम गॉडविनने इ.स. १७९८ च्या जानेवारीत पत्नी मेरी वुलस्टनक्राफ्ट हिचे आठवणीवजा चरित्र प्रसिद्ध केले. त्याच्या अखेरच्या प्रकरणात मुलीच्या जन्मापासून आईच्या मृत्यूपर्यंतचे अकरा दिवस घड्याळाच्या वेळांसह नोंदलेले आहेत, आणि त्या वृत्तांताच्या केंद्रस्थानी न पडलेली वार आहे.

हा वृत्तांत आयुर्वेदीय संहितांतील तत्संबंधी प्रकरणांशेजारी आणि एकोणिसाव्या शतकातील काही लेखनाशेजारी ठेवून वाचावा, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. या वाचनात दोन प्रश्न पुनःपुन्हा समोर येतात. मुलाचा जन्म आणि वार पडणे यांच्यामधल्या अवधीत बाळंतिणीजवळ कोण होते? आणि तिच्या शरीरात शिरलेला हात कोणाचा व कसा होता? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर आईचे प्राण अवलंबून असत. त्या उत्तरांची नोंद कोणी केली आणि कोणी टाळली, हा साहित्येतिहासाचा विषय आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२. दिवाणखाना आणि माडीवरची खोली

वुलस्टनक्राफ्टचा जन्म इ.स. १७५९ चा. त्याच वर्षी लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’ या कादंबरीचे पहिले खंड प्रकाशित होऊ लागले. नायकाचा जन्म हा या कादंबरीच्या आरंभीच्या खंडांचा विषय आहे. परंतु जन्म देणारी स्त्री वाचकाला क्वचितच दिसते. ती माडीवरच्या खोलीत आहे आणि पुरुष मंडळी खाली बोलत बसली आहेत. बाळंतपणाला गावची म्हातारी सुईण असावी असा पत्नीचा आग्रह. चिमटे घेऊन येणारा डॉक्टर स्लॉप असावा असा पतीचा. तडजोड अशी ठरते की सुईण वर काम करील आणि डॉक्टर खाली मद्याचा पेला घेऊन, ठरलेले मानधन घेऊन, बसून राहील. पुढे चिमट्यांनी मुलाचे नाक चेपते आणि विनोदाला नवा विषय मिळतो.

स्टर्नच्या विनोदामागे त्या काळातील खरा वाद उभा आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये पुरुष प्रसूतितज्ज्ञांचा वर्ग वाढत होता. सुधारलेले चिमटे आणि शरीररचनेचे शिक्षण यांच्या बळावर तो सुईणींच्या क्षेत्रात प्रवेश करत होता. वुलस्टनक्राफ्टने इ.स. १७९२ मधील ‘स्त्रियांच्या हक्कांचे समर्थन’ या ग्रंथात या वादाची दखल घेतली आहे. स्त्रियांनी वैद्यकीचे शिक्षण घ्यावे, केवळ परिचारिका न राहता वैद्य व्हावे, असे ती तेथे सुचवते. सुइणीचा व्यवसाय तर शालीनतेच्या दृष्टीनेही स्त्रियांकडेच असणे उचित; परंतु इंग्रजीतील सुईणवाचक शब्दाची जागा पुरुष प्रसूतितज्ज्ञाचा फ्रेंच शब्द घेऊ लागेल की काय, अशी भीती ती व्यक्त करते. एक शब्द जाऊन दुसरा येण्यात एका संपूर्ण कर्तृत्वक्षेत्राचे हस्तांतर होत आहे, ही तिची जाणीव तौलनिक अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

तिचा स्वतःचा अनुभवही या मताला पोषक होता. पहिली मुलगी फॅनी हिचा जन्म १४ मे १७९४ रोजी फ्रान्समधील ल हाव्र येथे झाला. ते बाळंतपण सोपे गेले आणि दुसऱ्याच दिवशी ती उठून बसली. बाळंतपण हा आजार नव्हे, महिनाभर अंथरुणाला खिळून राहण्याची इंग्रज रीत अनावश्यक आहे, हे मत तिने या अनुभवावर बांधले. दुसऱ्या वेळी तिने लंडनमध्ये ज्या तयारीने प्रसूतीला सामोरे जायचे ठरवले, ती या मताशी सुसंगत होती. पुरुष डॉक्टर नको. एक अनुभवी सुईण पुरे. या कामासाठी तिने वेस्टमिन्स्टरच्या प्रसूतिरुग्णालयाच्या मेट्रन व सुईण श्रीमती ब्लेंकिनसॉप यांना निवडले.

३. गॉडविनचे घड्याळ

३० ऑगस्ट १७९७, बुधवार. पहाटे पाचच्या सुमारास कळा सुरू झाल्या. गॉडविन आणि वुलस्टनक्राफ्ट यांचा विवाह त्याच वर्षी २९ मार्चला झाला होता. लंडनच्या सॉमर्स टाउन भागातील पॉलिगॉन येथे ती राहत होती, तर गॉडविनने लेखनासाठी जवळच वेगळ्या खोल्या घेतल्या होत्या. दुपारी दोनच्या सुमारास ती वरच्या खोलीत गेली. सर्व आटोपेपर्यंत गॉडविनने वर येऊ नये, असे तिनेच सांगितले होते. नवजात मूल आपण स्वतः त्याच्या हाती द्यावे, ही तिची इच्छा होती. म्हणजे स्टर्नच्या कादंबरीतील रचना येथेही आहे, वर स्त्री आणि खाली पुरुष. फरक असा की येथे ही रचना त्या स्त्रीने स्वतः योजलेली होती.

रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी मुलगी जन्मली. वृत्तांत येथे संपू शकला असता. गॉडविन दिवाणखान्यात वाट पाहत राहिला. रात्री दोननंतर त्याला निरोप मिळाला की वार अद्याप पडलेली नाही. आणखी काही करण्याचे धाडस सुईणीला होत नाही, डॉक्टरांना बोलवावे. गॉडविन त्याच रुग्णालयाशी संबंधित डॉ. पॉइग्नँड यांना घेऊन आला. मुलीच्या जन्मानंतर तीन ते चार तासांनी ते पोहोचले आणि त्यांनी लगेच हात घालून वार काढण्यास सुरुवात केली. ती एकसंध आली नाही, तुकड्यातुकड्यांनी आली. सर्व निघाले, अशी डॉक्टरांची खात्री झाली. ती खात्री चुकीची होती, असे पुढे दिसून आल्याचे गॉडविनने लिहिले आहे. रक्त खूप गेले होते आणि पहाटेपर्यंत तिला वारंवार मूर्च्छा येत होती. वेदनाशामक भूल देण्याची पद्धत तेव्हा अस्तित्वात नव्हती, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

पुढचे तीन दिवस आशेचे गेले. गुरुवारी तिचे परिचित डॉ. जॉर्ज फोर्डाइस येऊन गेले आणि त्यांना काळजीचे कारण दिसले नाही. प्रसूतीसाठी स्त्रियांची नेमणूक योग्य होय, या आपल्या आवडत्या मताला पुष्टी म्हणून त्यांनी याच बाळंतपणाचा दाखलाही दिला. रविवारी, ३ सप्टेंबरला, हुडहुडी भरली. दात वाजत होते, अंगाखालचा पलंग हलत होता. सोमवारी मुलीला अंगावर पाजण्यास मनाई झाली आणि दूध उतरवण्यासाठी, त्या काळच्या उपचारानुसार, कुत्र्याची पिल्ले आणली गेली. डॉ. जॉन क्लार्क आणि शल्यवैद्य अँथनी कार्लाइल हे त्यानंतर आले. बुधवारी मद्य पाजण्याचे ठरले. किती द्यावे, हे ठाऊक नसलेल्या गॉडविनवर ते घोट देण्याची जबाबदारी आली. ही जबाबदारी किती भयंकर वाटली, हे त्याने लपवलेले नाही. रविवार, १० सप्टेंबर १७९७ रोजी सकाळी आठला वीस मिनिटे असताना तिचा मृत्यू झाला. गॉडविनच्या दैनंदिनीत त्या दिवशी ती वेळ आहे आणि तिच्यापुढे शब्दांऐवजी केवळ रेघा आहेत.

या वृत्तांताचे गद्य कोरडे आहे. तर्कवादी तत्त्वचिंतकाने शोक आवरण्यासाठी घड्याळाचा आधार घेतला, असे त्याचे स्पष्टीकरण देता येते. तथापि त्याच कोरडेपणामुळे मुलीचा जन्म आणि डॉक्टरांचे आगमन यांच्यातील तास वाचकाला मोजता येतात. त्यांतील बराच काळ वृत्तांतकार खाली होता. वर काय घडले हे त्याला उशिरा कळले. म्हणून त्या तासांविषयी खरी साक्ष देऊ शकणारी व्यक्ती एकच होती, ती म्हणजे सुईण. तिने काही लिहिलेले नाही. रात्रभर बाळंतिणीजवळ असलेली स्त्री ग्रंथात केवळ एका निरोपापुरती बोलते, आणि तो निरोप आपल्या मर्यादेच्या कबुलीचा आहे.

ही कबुली अनेक वाचकांनी दुबळेपणा म्हणून वाचली. ती वेगळ्या रीतीनेही वाचता येते. अडकलेली वार ओढून काढण्याचा अट्टहास न करता, आपल्या अधिकाराची सीमा ओळखून, तिने पुढच्या माणसाला बोलावले. त्यात उशीर झाला असेल. परंतु आपल्या हाताची मर्यादा ओळखणे हे त्या रात्री त्या घरात दुसऱ्या कोणालाही साधलेले दिसत नाही.

४. हाताचा इतिहास

वुलस्टनक्राफ्टचा मृत्यू ज्या सूतिकाज्वराने झाला असे मानले जाते, त्याच्या संसर्गाविषयी एक महत्त्वाचे पुस्तक त्याआधी दोनच वर्षे प्रसिद्ध झाले होते. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील डॉ. अलेक्झांडर गॉर्डन यांनी इ.स. १७९५ मध्ये तेथील साथीचा अभ्यास मांडला. ज्या बाळंतिणींना आजारी रुग्णांकडून आलेल्या डॉक्टरने वा सुईणीने हाताळले, त्यांनाच हा ज्वर होतो, असे त्यांना दिसून आले. आणि अनेक स्त्रियांपर्यंत हा रोग पोहोचवण्याचे साधन आपणच झालो, हे त्यांनी स्पष्टपणे लिहिले. ही कबुली त्यांच्या लोकप्रियतेला मारक ठरली. अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी इ.स. १८४३ मध्ये तेच प्रतिपादन केले आणि त्यांनाही कडवा विरोध झाला.

व्हिएन्ना येथे इग्नाझ सेमेलवाइस यांना हा प्रश्न आकड्यांतून दिसला. तेथील मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. इ.स. १८४६ मध्ये पहिल्या विभागात ४०१० प्रसूतींमागे ४५९ माता मृत्यू पावल्या, दुसऱ्यात ३७५४ प्रसूतींमागे १०५. म्हणजे अनुक्रमे सुमारे ११.४ आणि २.८ टक्के. विद्यार्थी शवविच्छेदनाच्या टेबलावरून थेट प्रसूतिकक्षात येत, सुइणी येत नसत. इ.स. १८४७ च्या मे महिन्यात सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि पहिल्या विभागातील मृत्यू झपाट्याने खाली आले.

पॉलिगॉनमधील त्या रात्रीचा दोष केवळ डॉ. पॉइग्नँड यांच्या हातावर टाकणे न्याय्य नाही. अडकलेली वार तशीच राहू दिली असती तरी रक्तस्रावाने मृत्यू ओढवू शकला असता. आजही वार आपोआप न सुटल्यास हात घालूनच ती काढावी लागते. मात्र भूल, निर्जंतुक हातमोजे, प्रतिजैविके आणि रक्त यांची जोड त्या हाताला मिळालेली आहे. इ.स. १७९७ मध्ये यांतले काहीच नव्हते. कृती तीच, हातही कदाचित कुशल. पण त्या हाताला स्वतःविषयीचे ज्ञान नव्हते.

५. चरक आणि सुश्रुत : सोबतीचे शास्त्र

याच अवधीचे वर्णन संस्कृत वैद्यकग्रंथांत कसे येते, हे पाहिले असता कथनाची वेगळी रचना आढळते. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात मूल जन्मल्याबरोबर पाहण्याची पहिली गोष्ट म्हणून ‘अपरा’ पडली की नाही, हे सांगितले आहे. ती पडली नसेल, तर जमलेल्या स्त्रियांपैकी एकीने उजव्या हाताने नाभीच्या वर जोराने दाबावे, डाव्या हाताने पाठीकडून धरून तिला चांगले हलवावे. टाचेने कटिभागावर आघात करावा, नितंब धरून दाबावेत. वेणीच्या केसांनी तिचा घसा व टाळू चाळवावा, म्हणजे उबळ येईल. भूर्जपत्र, सापाची कात इत्यादींची धुरी द्यावी. वात, मूत्र व मल यांचा अवरोध अपरेला अडवतो, असे मानून बस्तीचाही उपाय त्यात आहे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायात प्रसूतीच्या वेळी चार स्त्रिया असाव्यात, असे म्हटले आहे. त्या विश्वासू, प्रौढ वयाच्या, प्रसूतीच्या कामात कुशल आणि नखे कापलेल्या असाव्यात. अपरा पडत नसेल, तर बोटाला केस गुंडाळून घसा चाळवण्यापासून उपाय सुरू होतात. लांगलीच्या मुळाचा कल्क हातापायांच्या तळव्यांना लावणे इत्यादी उपाय मध्ये येतात. आणि स्निग्ध केलेल्या, नखे कापलेल्या हाताने ती काढावी, हाही उपाय तेथे सांगितलेला आहे.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. एक, नखे कापण्याचा उल्लेख वाचून प्राचीनांना जंतुशास्त्र अवगत होते, असा निष्कर्ष काढणे अनैतिहासिक ठरेल. कोमल भागाला इजा होऊ नये, हा त्याचा सरळ अर्थ पुरेसा आहे. दोन, या उपायांपैकी काही, विशेषतः बळाने हलवणे व आघात करणे, आजच्या ज्ञानानुसार अपायकारक आहेत. त्यांचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. इ.स. १८५० नंतरच्या दशकात कार्ल क्रेडे यांनी पोटावरून गर्भाशय दाबून वार काढण्याची जी रीत प्रचारात आणली, तिच्याशी चरकाच्या वर्णनाचे वरवरचे साम्य आहे. तथापि साम्याचा शोध म्हणजे पूर्वसूरित्वाचा दावा नव्हे.

साहित्यदृष्ट्या महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. या वर्णनांत खोली भरलेली आहे. बाळंतिणीचे शरीर अनेक स्त्रियांच्या हातांत आहे: एकीचा हात पोटावर, पाठीला तिचाच दुसरा हात, आणि भोवती प्रसूतीचा अनुभव असलेल्या, तिच्याविषयी ममत्व बाळगणाऱ्या स्त्रिया. सोबत हा येथे उपचाराचा भाग म्हणून लिहिला आहे. हे शास्त्र शब्दबद्ध करणारे वैद्य पुरुष होते, त्या स्त्रियांचे स्वतःचे शब्द येथेही नाहीत, ही मर्यादा कायम राहते. तरीही गॉडविनच्या दिवाणखान्यातून न दिसणारी खोली संहितेला आतून दिसते. एकात वेळ आहे आणि स्पर्श नाही; दुसऱ्यात स्पर्श आहे आणि कोणतीही विशिष्ट स्त्री नाही. चरित्र आणि शास्त्र हे दोन लेखनप्रकार या ठिकाणी परस्परांच्या उणिवा दाखवून देतात.

६. मृत्यूचा अर्थ लावणारे

आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध होताच वुलस्टनक्राफ्टच्या खाजगी जीवनातील प्रांजळ तपशिलांनी मोठी खळबळ उडाली. त्या गदारोळात तिच्या मृत्यूलाही उपदेशाचे साधन बनवण्यात आले. रिचर्ड पोलव्हील याने इ.स. १७९८ मध्येच स्त्रीलेखिकांवर उपरोधपर दीर्घकाव्य लिहिले. त्यातील एका टिपेचा आशय असा की स्त्री-पुरुषसमतेचा पुरस्कार करणाऱ्या या स्त्रीला आलेल्या मरणाने स्त्रीजातीची नियती आणि तिच्या वाट्याची दुखणी ठळकपणे दाखवून देऊन दोन्ही जातींमधील भेदच अधोरेखित केला. वारेचे तुकडे आणि संसर्ग यांची घटना अशा प्रकारे दैवी निवाड्यात रूपांतरित झाली. एखाद्या मातेच्या मृत्यूला ‘स्त्रीची नियती’ म्हटले, की कारणांचा शोध थांबतो. हात कोणाचा होता, तो कोठून आला होता, मदत किती वेळाने पोहोचली, हे प्रश्न उरत नाहीत. पोलव्हीलच्या टिपेला खरे उत्तर व्हिएन्नाच्या आकड्यांनी दिले.

वसाहतकाळातील भारतात हाच निवाडा वेगळ्या रूपात अवतरला. इ.स. १८८५ मध्ये काउंटेस ऑफ डफरिन निधी स्थापन झाला. भारतीय स्त्रियांना स्त्री डॉक्टरांकडून उपचार मिळावेत, हे त्याचे कार्य निःसंशय मोलाचे होते. मात्र त्या काळातील अहवालांत आणि पुढे कॅथरिन मेयो हिच्या इ.स. १९२७ मधील ‘मदर इंडिया’सारख्या प्रचारी पुस्तकात दाईचा मळलेला हात हे संपूर्ण समाजाच्या मागासलेपणाचे चिन्ह बनले. दाईंच्या काही रीती घातक होत्या, हे खरेच. परंतु अवघ्या काही दशकांपूर्वी युरोपातील मोठ्या रुग्णालयांत डॉक्टरांचाच हात अधिक प्राणघातक ठरला होता, ही स्मृती त्या लेखनातून गळून पडली. संसर्ग हा हाताचा धर्म न राहता जातीचा आणि देशाचा धर्म मानला गेला.

या पार्श्वभूमीवर डॉ. आनंदीबाई जोशी यांचे लेखन वाचावयास हवे. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात त्यांनी हिंदू स्त्री डॉक्टरांची निकड मांडली. इ.स. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध सादर केला. अमेरिकन परीक्षकांसमोर एका मराठी स्त्रीने इंग्रजीत प्राचीन भारतीय परंपरेचा परिचय करून द्यावा, ही घटना तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. वुलस्टनक्राफ्टने इ.स. १७९२ मध्ये जी शक्यता सुचवली होती, स्त्रीने वैद्य होण्याची, ती येथे प्रत्यक्षात उतरली. आणि या वैद्याने प्रबंधासाठी बाळंतपणाचाच विषय निवडला. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. परंतु रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला.

वुलस्टनक्राफ्टचेही एक लेखन असेच राहून गेले. बालसंगोपनावर पत्ररूप पुस्तक लिहिण्याचा तिचा संकल्प होता. मरणोत्तर प्रकाशित लेखनात त्याची नियोजित अनुक्रमणिका आहे आणि प्रास्ताविक पत्राचा काही भाग आहे. अनुक्रमणिकेत बाळंतपणावर स्वतंत्र पत्र योजलेले आहे. ते लिहिले गेले नाही.

७. बर्फ

त्या रात्री जन्मलेली मुलगी म्हणजे पुढे ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) लिहिणारी मेरी शेली. आईवाचून झालेल्या निर्मितीची ही कथा जन्माच्या भयाची कथा म्हणून वाचण्याची दिशा एलेन मोअर्स यांनी इ.स. १९७६ मधील आपल्या ग्रंथात दाखवली आणि ती आता सर्वपरिचित आहे. येथे तिच्या आयुष्यातील एका वेगळ्या प्रसंगाकडे लक्ष वेधावयाचे आहे.

१६ जून १८२२ रोजी इटलीच्या लेरिची गावानजीक समुद्रकाठच्या घरात तिचा गर्भपात झाला. रक्तस्राव थांबेना. डॉक्टर दूर होते, यायला वेळ लागणार होता. बर्फ मिळवण्यात आला आणि पर्सी शेलीने, भोवतालच्यांच्या भीतीला न जुमानता, तिला त्या बर्फात बसवले. रक्त थांबले, डॉक्टर येण्यापूर्वी ती वाचली होती. तीनच आठवड्यांनी, ८ जुलैला, पर्सी बुडाला. मेरीने १५ ऑगस्ट १८२२ च्या दीर्घ पत्रात हे सारे मारिया गिस्बोर्न या मैत्रिणीला कळवले.

ही मारिया गिस्बोर्न म्हणजे पूर्वीच्या मारिया रेव्हली. इ.स. १७९७ च्या सप्टेंबरात वुलस्टनक्राफ्टच्या मृत्यूच्या सुमारास तिच्या तान्ह्या मुलीला काही दिवस सांभाळणारी स्त्री तीच. आईच्या बाळंतपणाच्या वेळी घराशी निगडित असलेल्या स्त्रीला मुलीने पंचवीस वर्षांनी आपल्या रक्तस्रावाची हकीगत लिहून कळवली. गॉडविनच्या ग्रंथात जी साक्ष खोलीतून बाहेर आली नाही, ती येथे बाळंतिणीच्याच हाताने, एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीला लिहिलेल्या पत्रात उतरली आहे. एलायझा फेनविक या लेखिकेने वुलस्टनक्राफ्टची अखेरपर्यंत शुश्रूषा केली आणि मृत्यूनंतर दोन दिवसांनी तिच्या बहिणीला पत्र लिहून कळवले, हेही याच परंपरेत मोडते. या टप्प्याचा लिखित इतिहास शोधावयाचा असेल, तर कादंबऱ्यांपेक्षा अशा पत्रांकडे वळणे अधिक फलदायी ठरेल.

८. समारोप

विसाव्या शतकात या अवधीचे स्वरूप पालटले. इ.स. १९३५ मध्ये अर्गोमेट्रिन हाती आले, पुढच्याच वर्षी लेनर्ड कोलब्रुक यांनी सूतिकाज्वरावर सल्फा औषधाचा परिणाम दाखवून दिला, इ.स. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ऑक्सिटोसिनचे संश्लेषण केले. मूल जन्मताच ऑक्सिटोसिन देणे ही आज सर्वमान्य पद्धत आहे आणि साधारण अर्ध्या तासात वार न पडल्यास ती अडकली असे समजून पुढील उपाय केले जातात. जागतिक आरोग्य संघटना आता प्रसूतीच्या काळात बाळंतिणीच्या पसंतीची सोबतीण वा सोबती जवळ असावा, अशीही शिफारस करते. संहितांनी गृहीत धरलेली आणि रुग्णालयांनी मध्यंतरी बाहेर काढलेली सोबत अशा रीतीने पुन्हा आत आली आहे. आता ती स्वच्छ हातांच्या आणि औषधांच्या बरोबरीने आली आहे, ही प्रगती होय.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला यातून काय मिळते? प्रथमतः, बाळंतपणाचे कोणतेही वर्णन वाचताना ते कोठे थांबते हे पाहण्याची सवय लागते. मुलाच्या रडण्यावर थांबलेल्या वर्णनात आईच्या जिवाचा प्रश्न अनुत्तरित राहिलेला असतो. दुसरे असे की, परंपरांची तुलना करताना ‘कोणाचे ज्ञान श्रेष्ठ’ हा प्रश्न लवकर निरुपयोगी होतो. लंडनचा डॉक्टर, व्हिएन्नाचा विद्यार्थी, संहितेतील चार स्त्रिया, दाई आणि इटलीतील बर्फ आणणारा कवी या सर्वांना एकाच कसोटीवर तपासावे लागते: त्या तासांत त्यांनी काय केले आणि आपल्या हाताविषयी त्यांना किती कळत होते. या कसोटीवर गॉर्डन यांची कबुली आणि ब्लेंकिनसॉप यांचा निरोप ही दोन छोटी वाक्ये अनेक ग्रंथांहून मोलाची ठरतात. दोन्हींत आपल्या हाताची मर्यादा मान्य केलेली आहे.

‘सुखरूप सुटका झाली’ ही बातमी पॉलिगॉनमधील दिवाणखान्यात रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी देता आली असती. वर असलेल्या सुईणीने ती दिली नाही. वार पडली नव्हती, आणि तिच्या लेखी बाळंतपण अजून चालू होते.